अडीचच्या गाडीआधीचा तास : पाच महाविद्यालयं आणि एक फिरता संघटक

सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत अभ्यासमंडळं उभी करायला निघालेला माणूस सहसा पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून निघतो. पिशवी दोन आठवडे घरी राहिली तरी चालेल. आधी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा उतरवून घ्याव्यात. जिथली बरीचशी मुलं दहा-वीस किलोमीटरवरच्या वाडीतून एसटीने येतात, तिथे मंडळ टिकणार की मोडणार हे परतीची गाडी ठरवते. विषय, वक्ता, पुस्तकं हे सगळं त्यामागून.

इथे मांडलेलं प्रकरण नमुन्याचं आहे. एक संघटक, पाच महाविद्यालयं, दोन शैक्षणिक वर्षं. गावं आणि रस्ते खरे आहेत, अडचणी या कामात हमखास येणाऱ्या आहेत. महाविद्यालयांची नावं घेतलेली नाहीत, कारण यातलं काहीही एका संस्थेपुरतं नाही.

मैदान

जिल्ह्याचे तालुके आठ. त्यांतले पाच निवडले : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले. पहिली तीन गावं मुंबई–गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वेच्या पट्ट्यात, उरलेली दोन किनाऱ्यावर. तिथे रेल्वे नाही. नकाशा बघून रेल्वेने फिरायचा मोह होतो, पण तो फार काळ टिकत नाही. सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून बरंच आड आहे, रिक्षाचे पैसे तिकिटाच्या वर जातात. पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांच्या वेळा सरकतात. कणकवलीहून कुडाळला जायला पॅसेंजरची वाट बघत बसलं, तर तेवढ्यात एसटीने माणूस पोचून चहा पिऊन होतो. म्हणून मुक्काम कुडाळात ठेवला आणि फिरणं एसटीने. कुडाळहून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कणकवली हे चारही रस्ते फुटतात आणि कुठलंही गाव तासा-दीड तासाच्या पलीकडे नाही.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. बाहेरून येणाऱ्याला तो लगेच आठवतो. पण तो लांबच्या पल्ल्याला परवडतो. तीस-चाळीस किलोमीटरच्या फेऱ्यांना सुटं तिकीटच स्वस्त पडतं. संघटक बाई असेल तर २०२३पासून तिला निम्मंच तिकीट आहे, मग तर पासाचा विचारही नको. दुचाकीने फिरण्याचा प्रयोग पहिल्या वर्षी झाला. वेळ वाचला, पण जुलै-ऑगस्टात झेरॉक्सचे गठ्ठे भिजले, आणि त्याहून मोठा तोटा म्हणजे मुलं ज्या गाडीने येतात त्या गाडीत हा माणूस कधी बसलाच नाही. वर्गात गप्प बसणारं पोर गाडीत खिडकीशी तासभर बोलतं.

पाचही महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न. त्यामुळे परीक्षा एकदमच लागतात आणि पाचही मंडळं एकाच आठवड्यात थंड पडतात. एका ठिकाणी काम अडलं तर दुसरीकडे जोर लावू, ही सोय इथे नाही.

वेळेचा हिशोब आधीच करून ठेवावा. जून ते मार्च कागदावर चाळीस आठवडे दिसतात. जून प्रवेशात जातो. जुलैत भातलावणी, अतिवृष्टीचा इशारा आला की सुट्टी. मग चतुर्थी : दीड, पाच, सात, अकरा, काही घरांत एकवीस दिवस, मुलगा पहिल्या दिवशी गेला की विसर्जनाशिवाय दिसत नाही. ऑक्टोबरात परीक्षा आणि भातकापणी, पाठोपाठ दिवाळी. डिसेंबर-जानेवारी चांगले, पण त्यातच जत्रा, राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर आणि स्नेहसंमेलन. फेब्रुवारीच्या मध्यानंतर प्रात्यक्षिकं, मार्चात शिमगा आणि परीक्षा. कात्री लावून हातात उरतात ते पहिल्या सत्रात आठ आणि दुसऱ्या सत्रात नऊ आठवडे. ज्याने चाळीसचा आराखडा केला, तो चतुर्थीपर्यंतच निराश होतो.

पहिलं वर्ष

उद्दिष्ट साधं होतं. प्रत्येक ठिकाणी दहा ते चौदा मुलामुलींचा गट, जो आठवड्यातून एकदा बसून काहीतरी वाचेल, त्यावर वाद घालेल आणि लिहून ठेवेल. स्पर्धा परीक्षेचा वर्ग नाही, वक्तृत्वाची तयारी नाही, कुठल्या पक्षाची शाखा तर नाहीच.

पद्धत मात्र व्याख्यानाची धरली. दर पंधरवड्याला प्रत्येक ठिकाणी एक भेट, सभागृहात, दुपारी तीन वाजता, विषयावर तासभर बोलणं आणि शेवटी ‘काही प्रश्न?’ पहिल्या भेटीला सत्तर जण. संघटक खूष. ते सत्तर आले कारण एका प्राध्यापकांनी तृतीय वर्षाचा अख्खा वर्ग धाडला होता आणि हजेरी तिथेच घेतली होती. दुसऱ्या भेटीला पंचवीस, पाचव्या भेटीला चार. त्यांतले दोघं तिथेच वसतिगृहात राहणारे.

‘मुलांना वाचनाची गोडीच नाही’ हा निष्कर्ष अशा वेळी तयारच असतो. तो चुकीचा होता. गोडी असलेलं मूलही तीन वाजता तिथे नव्हतं, कारण अडीचची गाडी गेली की पुढची साडेपाचला. घरी पोचेस्तोवर अंधार, आणि मुलीला तर घरून फोन सुरू. सभागृह तीनला मोकळं असायचं म्हणून वेळ तीनची ठरली होती. म्हणजे वेळ सभागृहाच्या सोयीने ठरली, ऐकणाऱ्यांच्या नव्हे.

दुसरं कारण असं, की साठातली पन्नास मिनिटं एकच माणूस बोलत होता. दोन भेटींच्या मधल्या पंधरा दिवसांत गटाला करण्यासारखं काहीच नव्हतं. मध्ये एक सुट्टी आली की अंतर महिन्याचं व्हायचं आणि पुढची भेट कधी हे कोणालाच ठाऊक नसायचं.

हा घोळ नवा नाही, कोकणातलाही नाही. अमेरिकेत १९०५ साली ‘इंटरकॉलेजिएट सोशॅलिस्ट सोसायटी’ निघाली, जॅक लंडन तिचा पहिला अध्यक्ष. त्या हिवाळ्यात तो विद्यापीठांतून व्याख्यानं देत फिरला. एवढा नावाजलेला लेखक, सभा मोठ्या होणारच. पण सभेनंतर जागेवर गट टिकवणं हे निराळं, चिवट काम, आणि ते स्थानिक विद्यार्थ्यांनाच करावं लागतं. १९५३मध्ये अगदी उलट्या विचाराच्या फ्रँक चोदोरोव्ह यांनी ‘इंटरकॉलेजिएट सोसायटी ऑफ इंडिव्हिज्युअलिस्ट्स’ काढली, तेव्हा भर ठेवला तो विद्यार्थ्यांच्या हातात छापील मजकूर पोचवण्यावर. डावे असोत की उजवे, दोघांचंही घोडं एकाच ठिकाणी अडतं : फिरणारा निघून गेल्यावर मागे काय उरतं? आपल्याकडे त्याहून जुना दाखला आहे. १८४८मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थी-शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली, तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. सभासद स्वतः निबंध लिहून वाचत, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. लिहायचं काम सभासदांकडे, पाहुण्याकडे नव्हे.

कार्ड, किल्ली, टेबल

दुसऱ्या वर्षी जूनअखेरचे आणि जुलैचे मिळून दोन आठवडे फक्त माहिती गोळा करण्यात घालवले. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तीन प्रश्न : कुठल्या गावाहून येता? परतीची गाडी किती वाजता? ती चुकली तर पुढची किती वाजता? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याची पुढची गाडी चाळीस मिनिटांनी आहे तो थांबू शकतो; ज्याची तीन तासांनी आहे त्याला ‘थोडा वेळ थांब’ म्हणणं हा अन्याय आहे. वेळा स्टँडवरच्या फलकावरून न घेता मुलांकडूनच घ्याव्यात. फलकावर लागलेली गाडी आणि खरोखर सुटणारी गाडी यांत फरक असतो, आणि कुठली फेरी रद्द होत राहते हे रोज जाणाऱ्यालाच माहीत.

कार्डं दिशेप्रमाणे लावली. सावंतवाडीत आंबोलीकडची, बांद्याकडची, शिरोड्याकडची. कणकवलीत फोंड्याकडची, कनेडीकडची, खारेपाटणकडची. मग एक खिडकी दिसायला लागते. सकाळच्या महाविद्यालयात शेवटचा तास साडेबाराच्या सुमाराला सुटतो, गाड्या दीड ते अडीचच्या दरम्यान निघतात. स्टँडपर्यंत चालायची दहा-पंधरा मिनिटं वजा जाता हातात साठ-सत्तर मिनिटं राहतात. डबा त्यातच. म्हणून नियम केला : डबा बैठकीतच खायचा. जेवताना वाचन ऐकलं तर बिघडत नाही. उलट, डबे उघडले की ओळख लवकर होते.

वेळ ठरली तरी एका महाविद्यालयात पहिल्या दोन बैठका व्हरांड्यात झाल्या. कारण किल्ली. वर्गखोल्यांच्या किल्ल्या शिपाईमामांकडे, आणि ते एक वाजता जेवायला घरी जातात. प्राचार्यांची सही असलेलं परवानगीचं पत्र खिशात होतं, पण कुलूप काही पत्राने उघडत नाही. इलाज असा : अर्ज प्राचार्यांना, पण खोलीची बोलणी ग्रंथपालांशी. वाचनकक्ष दिवसभर उघडाच असतो, आणि तिथलं लांब टेबल बारा जणांना नेमकं पुरतं. वर्गातली बाकं खिळवलेली असली की सगळ्यांची तोंडं फळ्याकडे राहतात आणि फळ्याजवळ उभा असलेला आपोआप गुरुजी होतो. टेबलाभोवती तसं होत नाही. ग्रंथपाल राजी नसतील तर गावातलं सार्वजनिक वाचनालय. कोकणात जुनी वाचनालयं तालुक्यातालुक्यांत आहेत, आणि दुपारी त्यांचे वाचनकक्ष बहुधा रिकामेच असतात. वेंगुर्ल्याचा गट शेवटी गावातल्या वाचनालयातच स्थिरावला, कारण ते स्टँडच्या वाटेवर पडत होतं.

परवानगीचा अर्ज एका पानाच्या वर नको. त्यात वार, वेळ, खोली, कमाल संख्या, समन्वयक प्राध्यापकांचं नाव आणि तीन स्पष्ट वाक्यं : फी नाही, कुठल्या पक्षाचा संबंध नाही, विद्यार्थ्यांचे फोन नंबर बाहेरची व्यक्ती घेणार नाही. हे तिसरं वाक्य असलं की मुलींचे पालक आणि कार्यालय दोन्ही निवांत होतात. गटाचा व्हॉट्सअॅप विद्यार्थी निमंत्रकाने चालवायचा, संघटक त्यात नाही. महाविद्यालयाला नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी अक्षांश-रेखांश उमटलेला फोटो आणि अर्ध्या पानाचा अहवाल लागतो. न मागता त्याच दिवशी द्यावा. फोटो बैठकीच्या सुरुवातीलाच काढायचा. शेवटी काढायला गेलं तर अर्धे स्टँडच्या वाटेवर असतात आणि अहवालात बाराच्या जागी सहा माणसं दिसतात.

‘सर्टिफिकेट मिळणार का?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी येणारच. उत्तर तिथल्या तिथे ‘नाही’. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला एकशेवीस तास भरायचे असतात आणि नव्या शैक्षणिक धोरणात सहशालेय श्रेयांकही आले, त्यामुळे प्राध्यापक आपणहून सुचवतात, ‘यात दाखवून टाकू.’ त्यांचा हेतू चांगला असतो. तरी घेऊ नये. सहीसाठी आलेला माणूस सही होताच उठतो आणि त्याच्याबरोबर आणखी दोघं.

मजकूर आठ पानांचा. पाठपोट म्हणजे चार कागद, चौदा प्रतींचे छप्पन्न. झेरॉक्स मुक्कामाच्या गावी आदल्या दिवशीच करून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून न्यायचे. पहिल्या वर्षी तिथे जाऊन करू म्हणून ठेवलं आणि मालवणात नेमके लाइट गेले. दुकानदाराने संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. आठ पानं आळीपाळीने मोठ्याने वाचायला वीसेक मिनिटं लागतात. घरून वाचून यायला सांगितलं तर दोघं वाचून येतात आणि ते दोघंच बोलतात, म्हणून वाचन बैठकीतच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटलेली असतील तर भारतात मजकूर मोकळा असतो. आगरकर, फुले बिनधास्त. ताज्या लेखकांचं घ्यायचं तर पुस्तकाची प्रत ग्रंथालयातून काढून एकाने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावं. पार्श्वभूमीला मराठी विश्वकोशाच्या नोंदी चांगल्या : फुकट मिळतात, थोडक्यात असतात आणि प्रमाण भाषेत असतात.

भाषेचा मुद्दा इथेच. प्रमाण मराठीत बोला म्हटलं की निम्मं टेबल गप्प. हे लाजणं नसतं. मनातल्या मनात भाषांतर करण्यातच मुद्दा निसटतो. बोलणं मालवणीत होऊ द्यावं, टिपण मराठीत. ‘माका ह्या पटना नाय’ म्हणणारी मुलगी पुढच्या वाक्यात कारणही देते. ‘मला असं वाटतं की’ म्हणून सुरू झालेलं वाक्य बहुधा गाइडातल्या उत्तरावर संपतं.

एक बैठक जवळून

मालवण, सप्टेंबर, चतुर्थीनंतरचा दुसरा आठवडा. टेबलाला अकरा जण, सहा मुली. मजकूर खोतीवरचा (खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार) : डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती नष्ट करण्याचं विधेयक, मग १९४८चा कूळकायदा, १९४९चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ला कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारं) मालक कसं झालं. बरोबर प्रत्येकाने घरच्या जमिनीचा सातबारा बघून यायचा. शासनाच्या संकेतस्थळावर तो नुसता बघायला पैसे पडत नाहीत.

पहिली पाच मिनिटं फोटो आणि डबे. वीस मिनिटं वाचन, प्रत्येकाकडे एक परिच्छेद. मग निमंत्रक मुलीने प्रश्न टाकला. तो आधी ठरवून दिलेला होता : ‘यातलं कुठलं वाक्य तुमच्या वाडीत खोटं ठरेल?’ ‘लेखकाला काय म्हणायचं आहे?’ असं विचारू नये, ते बारावीपर्यंत विचारून झालेलं असतं.

दहा सेकंद शांतता. संघटकाने ती भरायची नाही. टेबलाखाली बोटं मोजावीत. मग एकाने सांगितलं, त्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ अजून एक कूळ लागलेलं आहे आणि घरात कोणाला ते कोण हे माहीत नाही. दुसरीच्या उताऱ्यावर सामाईकात चाळीसच्या वर नावं, त्यांतली निम्मी मुंबईत. तिसऱ्याने विचारलं, कूळ मालक झालं हे १९५७चं म्हणता, मग आमच्याकडे कोर्टात अजून तारखा कसल्या पडतात? हा प्रश्न कोणालाच सुटला नाही. टिपणात ‘पुढे ढकललेला प्रश्न’ म्हणून तो लिहिला गेला. नियम एवढाच, की सगळ्यांचं एकदा बोलून होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. संघटकाला शेवटची पाच मिनिटं. दोन वाजून पाच मिनिटांनी आचऱ्याकडच्या तिघी उठल्या : ‘गाडी चुकतली.’ वाक्य अर्धं राहिलं तरी त्या वेळी बैठक संपवायची. एकदा गाडी चुकली की पुढच्या वेळी ती मुलगी येत नाही.

टिपण एका पानाचं, हाताने लिहिलेलं, तीन भागांत : वाचलं काय, मतभेद कुठे झाला, कुठला प्रश्न राहिला. लिहिणारा दर वेळी नवा, मुदत दोन दिवस. फोनवर फोटो टाकून भागत नाही, कारण तो कोणी परत उघडत नाही. कागद फाइलला लावून ग्रंथपालांकडे ठेवायचा.

टपालवाला

पुढच्या आठवड्यात तोच मजकूर सावंतवाडीत नेला, आणि तिथे तो आपटला. ‘आमच्याकडे खोत हा शब्दच कोणी बोलत नाही,’ असं तिथल्या मुलांनी सांगितलं. बरोबरच होतं. १९३७च्या त्या चर्चेत सावंतवाडी नव्हतीच. ते तेव्हा संस्थान होतं, मुंबई विधिमंडळाचा कायदा तिथे चालत नव्हता. मजकूर निवडताना हे लक्षात यायला हवं होतं. संघटकाने पिशवीतून मालवणचं टिपण काढलं आणि तेच वाचायला दिलं. आंबोलीकडून येणाऱ्या मुलाने ते वाचून सांगितलं, आमच्याकडे वेगळंच आहे, कबुलायतदार गावकर, म्हणजे कबुलायत (करार) करून गावाची जमीन सामाईक धरणारे. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांतल्या जमिनीचा तो जुना प्रश्न. त्यावर त्या गटाने पुढचे तीन आठवडे स्वतः काम केलं : घरच्या वडीलधाऱ्यांना विचारलं, जुने कागद पाहिले, लिहिलं. ते टिपण मग मालवणला गेलं, तिथून कुडाळला. कुडाळकरांनी त्यावर अर्धं पान जोडलं.

दोन महाविद्यालयांत पन्नाससाठ किलोमीटरचं अंतर, एक जिल्हा, एकच विद्यापीठ, आणि जमिनीच्या इतिहासाबद्दल दोघांचं उत्तर वेगळं. हे शिकवून सांगता आलं असतं, पण ते व्याख्यान झालं असतं. फिरणाऱ्याचं खरं काम इथे सापडलं : एकीकडचं टिपण दुसरीकडे नेणं, म्हणजे टपालवाल्याचं. पाचही गावं एकाच माणसाने पाहिलेली असतात, म्हणून कुठला कागद कुठे नेला तर पेटेल हे त्यालाच कळतं. त्यानंतर भेटी पंधरवड्याऐवजी महिन्याला एक केल्या. सोम-मंगळ-बुध-गुरू अशी कणकवली, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी. कुडाळ मुक्कामाचं म्हणून शनिवारी. एका दिवसात दोन महाविद्यालयं करून पाहिली, जमलं नाही : दोन्हीकडची खिडकी दुपारी त्याच तासाला उघडते.

काय बिघडलं

सातबाऱ्याची बैठक एका ठिकाणी अंगाशी आली. एकाने उताऱ्याचा फोटो गटावर टाकला. त्यात भाऊबंदांची नावं होती आणि त्या घराचा दावा चालू होता. चुलत्याने थेट महाविद्यालयात फोन केला. दोन आठवडे बैठक बंद, प्राचार्यांपुढे खुलासा. कोकणात जमिनीचा कागद हा नुसता कागद नसतो, हे आधी सुचायला हवं होतं. त्यानंतर नियम झाला : नावांच्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवूनच उतारा टेबलावर यायचा, आणि फोन पिशवीत.

मालवणात ऑक्टोबरपासून उपस्थिती ढासळली. हंगाम सुरू झाला होता. कोणाचं घरी होमस्टे, कोणी तारकर्लीला बोटीवर. शनिवार-रविवार सोडाच, शुक्रवारीही मुलं कामावर. इथे पंचांग उलटं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पर्यटनाच्या बोटीही पावसात उभ्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या मुलांच्या हाताला वेळ असतो. भातलावणीमुळे बाकीच्या चार गावांत जुलै वाया जातो, मालवणात तोच उत्तम. म्हणून त्या गटाच्या बहुतेक बैठका पहिल्या सत्रातच घ्यायच्या आणि दुसऱ्या सत्रात मंगळवारी, पंधरवड्यातून एकदा.

कणकवलीचा गट डिसेंबरात स्पर्धा परीक्षेचा वर्ग झाला. मुलांनी स्वतःच ठरवून वर्तमानपत्रातल्या घडामोडी पाठ करायला घेतल्या. संघटकाने महिनाभर वळवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. मुलांना नोकरी हवी आहे, त्यात चूक काय? पण ते मंडळ नव्हे. मोजताना ते वजा धरायचं.

सावंतवाडीत निमंत्रक तृतीय वर्षाचा होता. एप्रिलात तो गेला आणि फाइलही त्याच्या खोलीवर राहिली. निमंत्रक नेहमी द्वितीय वर्षाचा आणि जोडीला प्रथम वर्षाची एक. म्हणजे जून उजाडतो तेव्हा ओळखीचं कोणीतरी जागेवर असतं. वेंगुर्ले आणि कुडाळात हे आधीपासून होतं, तिथे खंड पडला नाही.

फेब्रुवारीच्या फेरीत वेंगुर्ल्याहून निरोप आला : या वेळी येऊ नका, आमची बैठक पुढे ढकलली आहे, आणि सावंतवाडीचं टिपण तिथल्या एका मुलीकडून शिरोड्याच्या गाडीत मिळालं. संघटकाचा बुधवार मोकळा झाला. त्याने तो देवगडला जाऊन स्टँडवरच्या वेळा उतरवून घेण्यात घातला. पाचही गावांची जुनी कार्डं मात्र जूनमध्ये फाडून टाकायची; नव्या वर्षात फेऱ्या बदलतात.